कागद सोललेले खडू

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचून कुणी मला धाडसी म्हणायला नको. मी पालीला भिते, कुत्र्याला भिते, लिफ्टमध्ये एकटी जात नाही. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला स्टॉपवर आलेली बस सोडून घरी परत आलेली बाई आहे मी. स्टाफरूममध्ये यावरून रोज टिंगल चालायची. माझा चेहरा जरा उतरलेला दिसला की कुणीतरी म्हणायचंच, "काय बाई, आज कशाला भ्यालायसा?" नोकरीभर मी ज्या ज्या गोष्टीला भ्याले, त्यातली जवळजवळ एकही घडली नाही. फक्त एक घडता घडता राहिली, आणि त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझे तळहात ओले होतात.

मी कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या शाळेत चित्रकला शिक्षिका होते. चित्रकलेचा तास म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तो कुणालाही उसना मागता येतो. गणिताचे सर दारात उभे राहून विचारणार, "बाई, तुमचा तास घेऊ काय? पोर्शन राहिलाय." माझा पोर्शन कधीच राहत नाही अशी सगळ्यांची खात्री. शाळेत कुणी मोठा माणूस येणार असला की स्वागताचा फळा बाईंनी लिहायचा, कुणी मोठा माणूस वारला की श्रद्धांजलीचाही बाईंनीच. एकदा घाईत मी स्वागताच्या फळ्याच्या चौकटीवर श्रद्धांजलीची काळी पट्टी तशीच ठेवली होती. पाहुण्यांनी ती पाहिली आणि भाषण आटोपतं घेतलं.

लोकांना वाटतं, आम्ही पोरांना दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि शेजारी नारळाचं झाड शिकवतो. अहो, ते चित्र घेऊनच पोरं शाळेत येतात! ते विसरायला लावणं ही आमची अर्धी नोकरी. उरलेल्या अर्ध्या नोकरीत रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश एवढं शिकवायचं. छटा म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, पोत म्हणजे हात न लावता कळणारा खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा, आणि अवकाश म्हणजे मोकळी सोडलेली जागा. हे जमलं की मग तोल, लय, विरोध.

शब्द ऐकून पोरं जांभया देतात, म्हणून मी शब्द शेवटी सांगायची. तोल शिकवताना दूधवाल्याची मोटरसायकल काढायला लावायची. एका बाजूला मोठी किटली लटकवली, तर दुसऱ्या बाजूला काय लावशील? कुणी दुसरी किटली लावायचं, कुणी वैरणीचा भारा, आणि एका पठ्ठ्याने दुसऱ्या बाजूला आपली जाडी आत्या बसवली होती. चंदगडकडून आमच्यात आलेल्या एका मुलाने 'माझं गाव' म्हणून अख्खा कागद तिरप्या रेषांनी भरून दिला. मी विचारलं, "अरे, गाव कुठंय?" तर म्हणाला, "पावसात हाय की बाई. दसऱ्यापर्यंत दिसत न्हाय." त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

आता रंगाचं. पोरं रंग बघून उचलत नाहीत, नाव वाचून उचलतात. खडूवरच्या कागदावर 'हिरवा' लिहिलेलं असतं, म्हणून तो पानाला. मग आंब्याचं कोवळं पान तांबूस असतं, उन्हातलं पान पिवळं असतं, हे काही त्यांना दिसत नाही. यावर माझा एक ठरलेला उपाय होता. जून महिन्यात नव्या पेट्या आल्या की मी सगळ्या खडूंवरचे कागद सोलून काढायला लावायची. नाव गेलं, आता डोळे वापरा. दरवर्षी एक तरी आई भांडायला यायची, "बाई, नवीकोरी पेटी आणलीती पोराला, आन तुम्ही केळी सोलल्यागत सोलली वो!"

श्रावणी सहावीत आमच्या शाळेत आली. आधी गावाकडे होती. वर्ष अर्धं झाल्यावर आल्यामुळे तिचे खडू कागदासकट होते. अबोल मुलगी, पण पेन्सिल हातात घेतली की नाद खुळा! मी टेबलावर पितळेची घागर ठेवली होती. बाकीच्यांनी घागरीची बाहेरची रेघ काढली आणि आत पिवळं फासलं. श्रावणीने नुसत्या पेन्सिलीने अशी छटा दिली, की घागरीच्या पोटावर खिडकीचा उजेड चमकत होता. मी तो कागद स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवून आले. मग तिला म्हटलं, "आता खडू सोल बघू तुझे."

फेब्रुवारी संपत आला होता. शाळेच्या कुंपणावरची जास्वंदीची फांदी आणून मी बाटलीत ठेवली होती. श्रावणीने फांदी सुरेख काढली आणि रंगवायला घेतली. थोड्या वेळाने तिच्या बाकाभोवती हशा उठला. जाऊन बघते तर फुलं शेवाळी हिरवी आणि पानं विटकरी. "बाई, हिची जास्वंद सडलीया," कुणीतरी ओरडलं. श्रावणीची मान खाली.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, "असा का गं रंग दिलास?"

"बघूनच उचलला की बाई." ती रडकुंडीला आली होती. "कागद व्हता तवा चुकत नव्हतं."

मी तिच्यापुढे दोन खडू धरले, लाल आणि हिरवा. रंगांच्या चक्रात हे दोघे समोरासमोर बसतात. विरोधी रंगांची याहून ठळक जोडी मला शिकवायला मिळत नाही. श्रावणीने दोन्ही खडू हातात घेऊन खिडकीकडे नेले, वास घेतल्यासारखे नाकाशी धरले आणि म्हणाली, "एक जरा जास्त काळपट हाय." इतके दिवस ही मुलगी कागदावरची नावं वाचून रंगवत होती.

माझी जुनी विद्यार्थिनी शबाना आता डोळ्यांची डॉक्टर आहे, राजारामपुरीत तिचा दवाखाना आहे. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बाई, परवा अकराला घेऊन या."

त्या परवाच्याच दिवशी शाळेत पाण्याच्या कूलरचं उद्घाटन होतं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला मोठा स्टीलचा कूलर, वऱ्हांड्याच्या टोकाला बसवलेला. साडेबाराला संस्थेचे एक पाहुणे येणार, पूजा होणार, नारळ फुटणार, पाहुणे बटण दाबणार आणि पहिलं पाणी पाचवीची लहान पोरं पिणार, असा सगळा कार्यक्रम. फळा अर्थात माझ्याकडे. मी दहालाच जाऊन फळा लिहीत बसले होते. शेजारी कूलरची वायर जोडायचं काम चाललं होतं आणि ते काम करत होते तानाजीराव, म्हणजे श्रावणीचे वडील. तानाजीराव आमच्या पेठेतले वायरमन. माझ्या घरातलं फिटिंगही त्यांनीच केलेलं. हात स्वच्छ आणि जीभ त्याहून मोकळी.

लाईट नव्हती. कुठेतरी डीपीवर काम चाललं होतं, बारापर्यंत येईल म्हणत होते. हेडसर दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, "झालं का तानाजी? पाहुणे वेळेवर येणारेत."

"झालं की सर. लाईट आली की नुसतं बटण दाबायचं." तानाजीराव मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात सॉकेट बसवत होते. टेस्टर खिशातच होता, पण बिनलाईटचा टेस्टर काय कामाचा!

मी त्यांना म्हटलं, "श्रावणीला डोळे दाखवायला नेते. रंगात जरा गोंधळ होतोय तिचा."

"न्या की बाई, तुमच्यावर इश्वास हाय. चष्मा लागला आसंल." मग ते हसत म्हणाले, "रंगात मी बी लहानपणी असलाच ढ. आमच्या मिरचीच्या वावरात पिकलेली मिरची सगळ्यांस्नी लांबनं दिसायची, मला बोट लावल्याबिगर कळायची न्हाय. आय म्हणायची, ह्येला तोडणीला नेऊ नगासा."

मीही हसले. फळ्यावर काढलेल्या पाण्याच्या घागरीला चमकेचा पांढरा ठिपका दिला, हात झटकले आणि श्रावणीला स्कूटरवर मागे बसवून निघाले.

दवाखान्यात गर्दी होती, आमचा नंबर लागायला बारा वाजून गेले. शबानाने श्रावणीसमोर एक पुस्तक उघडलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा एक गोल आणि ठिपक्यांच्या आत लपलेला आकडा. मला तो आकडा लांबूनही दिसत होता. श्रावणी पान उलटत गेली. "न्हाय दिसत," "न्हाय," "नुसते ठिपकेच हायत." शबानाने पुस्तक मिटलं, तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, घाबरू नका. हा आजार नाही. लाल-हिरव्यातला फरक तिला कळत नाही, एवढंच. जन्मापासून आहे, तसंच राहील. मुलांमध्ये बऱ्याच जणांना असतं, मुलींमध्ये क्वचित. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आलं तरच मुलीत दिसतं. आईला स्वतःला रंग नीट दिसत असतील. पण वडिलांना हे असणारच." आणि तिने सहज विचारलं, "वडील काय करतात?"

"वायरमन," मी म्हटलं. आणि ते म्हणता म्हणताच मी खुर्चीतून उठले.

शबाना माझ्याकडे बघत राहिली. तिला कूलर माहीत नव्हता. मला माहीत होता. मी सकाळी त्या वायरीची टोकं पाहिली होती, चित्रकलेच्या बाईच्या डोळ्यांनी पाहिली होती. काळी, लाल आणि हिरवी. मला विजेतलं काही कळत नाही, पण लालमधून करंट येतो आणि हिरवी यंत्राच्या पत्र्याला जोडलेली असते, एवढं तानाजीरावांनीच माझ्या घरी फ्रिज जोडताना सांगितलं होतं.

मी हेडसरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कार्यक्रम असला की ते फोन सायलेंट करून खिशात ठेवतात, पोरांना शिस्त लागावी म्हणून. शिपाई गणपामामांना लावला, त्यांचा बंद. तानाजीरावांनी उचलला नाही. साडेबारा व्हायला आले होते.

स्कूटर चालू केली. श्रावणी मागे बसली, तिने माझी कंबर धरली. मला फक्त तो वऱ्हांडा दिसत होता. पूजा म्हणजे गणपामामांनी सकाळीच फरशी धुवून घेतली असणार. पूजा म्हणजे सगळ्या पोरांच्या चपला-बूट पायरीखाली काढून ठेवलेले असणार. ओली फरशी, अनवाणी पाय, ओले हात आणि स्टीलचा नळ! देवा आई अंबाबाई, एवढंच मी मनात म्हणत होते, पुढचे शब्द सुचतच नव्हते.

दसरा चौकात सिग्नल लागला. पुढे बस, बाजूला टेम्पो, जाणार कुठून? मी दिव्याकडे डोळे लावून बसले होते. मागून श्रावणी शांतपणे म्हणाली, "वरचा दिवा लागलाय बाई. खालचा लागला की जायाचं." तिला कुणीतरी तसं शिकवलं होतं. कुणी शिकवलं असेल हे माझ्या लक्षात आलं. बिचारी पुढे म्हणाली, "बाई, तुम्ही थरथरताय."

"काही नाही गं. ऊन आहे," मी म्हटलं. स्कूटरचं पेट्रोल संपेल, टायर पंक्चर होईल, असं एकामागून एक डोक्यात येत होतं. त्याहून वाईट म्हणजे दुसरा आवाजही येत होता. सगळं नीटच असलं तर? भर पाहुण्यांसमोर बाई धावत आल्या आणि काहीच नव्हतं! माझं हसं होईल ते होवो, ते रोजचंच आहे. पण रंग न दिसणारा वायरमन म्हणून तानाजीरावांचं नाव पेठेत झालं, तर त्यांना बल्बही कुणी बदलू देणार नाही.

शाळेच्या कोपऱ्यावर वळले आणि माईकचा आवाज आला. पाहुणे बोलत होते. क्षणभर बरं वाटलं आणि लगेच लक्षात आलं. माईक चालू म्हणजे लाईट आलेली.

स्कूटर स्टँडलाही लावली नाही, तशीच कुंपणाला टेकवली. मैदानातून पळताना माझी एक चप्पल राहिली. वऱ्हांड्यात नारळ फुटलेला होता, कूलरच्या नळांना हार घातलेले होते, पाहुणे माईक धरून पाण्याच्या महत्त्वावर बोलत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला पाहुण्यांचं लांबलेलं भाषण गोड वाटलं. पण पाचवीची पोरं ओल्या फरशीवर रांगेत उभी होती आणि रांगेतल्या पहिल्या मुलीने नळाला आधीच हात घातला होता. उन्हातून आल्यावर गार स्टील बरं वाटतं ना, तिने गालही पत्र्याला टेकवला होता. पाहुण्यांचा दुसरा हात बटणाकडे निघाला होता.

"हात काढ!" मी ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. पोरगी दचकून मागे झाली. मी कुणाकडे न बघता हेडसरांच्या ऑफिसात शिरले आणि मेन स्विचचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. पाहुण्यांचा आवाज 'पाणी हेच' म्हणून मध्येच तुटला.

हेडसर धावत आले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "बाई! काय चालवलंय हे?"

"वास आला सर. वायर जळाल्याचा." हे मी कसं बोलले कुणास ठाऊक. "आधी पोरं मैदानात न्या."

"मला कसा वास आला नाही?"

"सर, मी भित्री आहे. माझी एवढी भीती आज ऐका. तानाजीराव बघून जाऊ देत, मग बटण दाबा."

माझी ख्याती त्या दिवशी कामाला आली. हेडसर कपाळावर हात मारून पाहुण्यांकडे गेले आणि म्हणाले, "आमच्या बाईंचा स्वभाव जरा हळवा आहे." सगळे हसले. पाहुण्यांना चहाला नेलं, पोरं मैदानात गेली. मी मेन स्विचसमोर खुर्ची ओढून बसले आणि गणपामामांना तानाजीरावांच्या घरी पिटाळलं.

तानाजीराव आले ते तापलेलेच. "कोण म्हणतंय वायर जळाली? मी केलंय काम! आजून बटणच दाबलं न्हाय तर जळंल कशी?"

वऱ्हांड्यात आम्ही दोघंच होतो. शबाना काय म्हणाली ते मी हळू आवाजात सांगितलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा आवाज आणखी चढला. "म्हंजे मला दिसत न्हाय म्हणता? इतकी वर्सं काम करतोय मी! पेठंत विचारा कुणाला बी!"

मी पर्समधून दोन खडू काढले, श्रावणीपुढे धरले होते तेच. त्यांच्यासमोर धरले. "तांबडा कुठला, तानाजीराव?"

त्यांनी खडूंकडे पाहिलं. एकावर नजर ठेवली, मग दुसऱ्यावर. हात पुढे आला आणि मधेच थांबला. मग ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "ठिवा ते खडू, बाई."

त्यांनी मेन बंद असल्याची स्वतः जाऊन खात्री केली. सॉकेटचे स्क्रू काढले, झाकण उघडून तीन वायरी बाहेर ओढल्या. "ह्ये वरचं मोठं भोक अर्थिंगचं. कूलरचा पत्रा हितं जोडला जातोय. हितं हिरवीच पायजे. मी हिरवी म्हणूनच लावलीया." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्ही सांगा, कुठली हाय ती."

नोकरीभर मी मुलांना रंग सांगत आले. एवढं सोपं उत्तर, तरी घाईने दिलं नाही. मी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं, उजेड अंगावर येईल अशी बाजूला सरकले.

"तांबडी आहे," मी म्हटलं.

तानाजीराव होते तिथेच ओल्या फरशीवर बसले. मग त्या वायरीकडे बघत म्हणाले, "ह्या तांबडीत बटण दाबल्यावरच करंट येतोय. दाबलं आसतं की सगळा पत्र्यात. टेस्टर लावल्याबिगर मी कुठलंच काम सोडत न्हाय, बाई. रंगावर माझा कवाच भरवसा न्हाय. पर आज लाईट न्हवती, आन सर सारखे म्हणत व्हते, उरक, उरक. वाटलं, एवढं काय, तीन तर वायरी, आन लाईट यायच्या आत घरला गेलो." त्यांनी फरशीवर उमटलेल्या ओल्या पावलांकडे पाहिलं. "पोरं उभी व्हती काय हितं?"

"होती."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हातांच्या आडूनच म्हणाले, "श्रावणीला सांगू नगासा. बापाकडनं आलंय म्हणून."

पण श्रावणी खांबाशी उभी होती. माझी मैदानात राहिलेली चप्पल द्यायला आली होती आणि सगळं ऐकलं होतं तिने. ती पुढे आली आणि विचारलं, "पप्पा, तुमाला बी दिसत न्हाय?" मी भ्याले होते की ती रडेल. पण अख्खा वर्ग जिला हसला होता त्या पोरीच्या आवाजात चक्क आनंद होता. ती बापाला चिकटून फरशीवर बसली.

तिथेच, मी रंग सांगितले आणि त्यांनी वायरी बदलल्या. मग लाईट लावून, टेस्टर पत्र्याच्या इंचाइंचाला टेकवून पाहिला. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला वाटलं नव्हतं. स्वतः उठून हेडसरांच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगितलं. हेडसर रागीट असले तरी वाईट नाहीत. ते म्हणाले, "घाई मी केली तानाजी." आणि शाळेचं काम तानाजीरावांकडेच ठेवलं, मात्र एका अटीवर. जोडणी होताना रंग बघणारा माणूस शेजारी पाहिजे.

मला मात्र त्या दिवसानंतर चैन नव्हतं. माझ्या घरातला प्रत्येक बोर्ड तानाजीरावांनी बसवलेला. तिथे टेस्टर लावलाय, वर्षानुवर्षं सगळं नीट चाललंय, हे डोक्याला पटत होतं, हाताला पटत नव्हतं. रबरी चपला घातल्याशिवाय मी स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. फ्रिज उघडायला नॅपकिन. मिस्टर म्हणाले, "अगं, एवढं असेल तर दुसऱ्या कुणाकडून तपासून घे." ते मला जमेना. तानाजीरावांच्या कामावर दुसरा माणूस आणला असता, तर तासाभरात पेठेला कळलं असतं.

एका रविवारी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. तानाजीराव, आणि मागे त्यांची बायको, सुरेखावहिनी. वहिनी कधी घराबाहेरच्या कामाला गेलेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांच्या खांद्याला अवजारांची पिशवी होती.

"जिथं जिथं काम केलंय तिथं तिथं जातोय," तानाजीराव म्हणाले. "सगळं परत उघडून बघायचं. हिला संगट घेतलीया."

"घरातली भांडी कोण घासंल म्हणलं, तर म्हणत्यात, मी घासतो," वहिनी म्हणाल्या.

मी चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहून ऐकत राहिले. बाहेरच्या खोलीत एकेक बोर्ड उघडत होता.

"ही?"

"हिरवी."

"ही?"

"तांबडी."

"नक्की?"

"तांबडीच की वो! माझ्या कुकवागत हाय."

माझ्या वर्गात पोरं जशी रंग म्हणून दाखवायची, तसा तो आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता. सगळं जिथल्या तिथे होतं, एकही वायर चुकलेली नव्हती. शेवटी ते स्वयंपाकघरात आले, फ्रिजचा सॉकेट उघडला, पाहिला, बंद केला आणि मेन चालू केला. फ्रिज घरघरला.

चहाला दूध लागणार होतं. नॅपकिन न घेता मी फ्रिजकडे हात नेला, कारण त्यांच्यासमोर नॅपकिन घ्यायची मला लाज वाटली. तानाजीरावांनी मला अडवलं. त्यांनी माझ्या पायातल्या रबरी चपलांकडे पाहिलं होतं. स्वतःच्या चपला त्यांनी दाराशीच काढल्या होत्या. ते पुढे झाले आणि फ्रिजच्या पत्र्यावर आधी आपला हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

मग म्हणाले, "आता लावा, बाई."